नदीतला स्मॉलमाऊथ बास: साधी काठी, घरी बांधलेला जिग आणि छोटी होडी

अमेरिकेतल्या सस्केहाना नदीत स्मॉलमाऊथ बास हा मासा धरायचा असेल तर एक गोष्ट आधीच मनाशी ठरवून टाका, ल्यूर, म्हणजे खोटं आमिष, अडकणार आणि तुटणार. एका सकाळी पाच-सहा सहज जातात. दुकानातला महागाचा ल्यूर बांधला की हात आखडतो, खडकापासून दोन हात लांबच टाकला जातो, आणि मासा तर खडकाला चिकटून बसलेला असतो. म्हणून मी जिग, म्हणजे पुढे वजन असलेला हुकचा ल्यूर, घरीच बांधतो, एक जिग डॉलरच्याही आत पडतो, आणि मग जिथे टाकायला पाहिजे तिथेच टाकता येतो. पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गच्या आसपास नव्याने राहायला आलेले आपले लोक विचारत असतात की काठी कुठली घेऊ, कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, घेऊ का मोटरची होडी घेऊ, सुरुवात कशी करू, तर सगळं एकदाच नीट लिहून काढतोय.

आधी नदी समजून घ्या. सस्केहाना ४४४ मैल लांब, न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउनच्या ओत्सेगो तळ्यातून निघते, पेनसिल्व्हेनियातून खाली येते आणि मेरीलँडात चेसापीक बेला मिळते. हॅरिसबर्गला पात्र जवळजवळ मैलभर रुंद, पण उन्हाळ्यात पाणी बऱ्याच ठिकाणी गुडघ्याएवढं नाहीतर कमरेएवढंच. तळाला कातळाच्या आडव्या पट्ट्या, एकीमागे एक, इकडे त्यांना लेज म्हणतात. कोकणातल्या नदीचा उघडा कातळ ज्याने पाहिलाय त्याला हे लगेच कळेल. पाणी पट्टीवरून उसळतं आणि तिच्या मागे एक शांत खोलगट जागा तयार होते, मासा तिथे कमी ताकदीत उभा राहतो आणि धारेतून वाहत येणारं खाणं झडप घालून उचलतो.

स्मॉलमाऊथ ओळखायला सोपा. अंग तांबूस-तपकिरी, त्यावर उभे पट्टे, आणि तोंड मिटल्यावर जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे जात नाही. लार्जमाऊथचं जातं, आणि त्याच्या अंगावर एक आडवा काळा पट्टा असतो. स्मॉलमाऊथ मूळचा या नदीतला नाही बरं का. १८५४ मध्ये ओहायोच्या बाजूच्या पाण्यातले थोडेसे मासे रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून आणून मेरीलँडात कंबरलँडजवळ पोटोमॅकच्या पाण्यात सोडले गेले, पुढे ते इकडे सस्केहानातही आले आणि असे रुजले की आज ही नदी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. खातो काय, तर छोटे मासे, पाण्यातले किडे आणि सगळ्यात आवडीने क्रेफिश, म्हणजे बोटभर लांबीचा गोड्या पाण्यातला लॉब्स्टरच समजा, तपकिरी-हिरवट रंगाचा. हे लक्षात ठेवा, कारण जिगचा रंग इथून ठरतो.

काठी-रीलवर फार पैसे घालू नका. साडेसहा ते सात फुटांची स्पिनिंग रॉड, मीडियम पॉवर, फास्ट ॲक्शन, म्हणजे वाकते ती शेंड्याकडेच आणि तळाच्या दगडाची टकटक हाताला कळते. रील २५०० साइजचं. त्यावर १० पाउंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली, लाइन आणि पुढे पाच-सहा फूट ८ पाउंडाचा फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे ल्यूरजवळचा पारदर्शक तुकडा. आपल्याकडे गरवायला जाताना जसा साधा तंगूस वापरतात तोही चालतो, पण तो ताणतो आणि हलका दंश लवकर कळत नाही. दोन्ही लाइन जोडायला डबल युनी गाठ, जिगला पॅलोमार गाठ, आवळायच्या आधी थुंकी लावून ओली करायची, कोरडी आवळली तर घासून कमजोर होते. आणि पोलराइज्ड चष्मा पाहिजेच, त्याच्याशिवाय पाण्याखालची पट्टी दिसत नाही आणि पट्टी दिसली नाही तर नुसते कास्ट मारत बसाल.

आता जिग. हरणाच्या शेपटीच्या केसांचा, ज्याला बकटेल म्हणतात. मिडलटाउन हे हॅरिसबर्गच्या खालचंच गाव, तिथल्या बॉब क्लाउझर यांनी १९८७ मध्ये याच नदीतल्या स्मॉलमाऊथसाठी बकटेल आणि डंबेलसारखे जड डोळे वापरून एक फ्लाय, म्हणजे फ्लाय रॉडने टाकायचं आमिष, बांधली, प्रसिद्ध फ्लाय-फिशर लेफ्टी क्रे यांनी तिला क्लाउझर मिनो हे नाव दिलं, आणि आज ती गोड्या-खाऱ्या पाण्यात जगभर वापरतात. आपण स्पिनिंगच्या काठीसाठी बांधणार आहोत तो जिग वेगळा, पण तत्त्व तेच, पुढे वजन आणि मागे मऊ केस. केसांची गंमत अशी की जिग नुसता पडून असला तरी धारेत ते श्वास घेतल्यासारखे हलत राहतात, त्यामुळे थंड पाण्यात, मासा सुस्त असताना, प्लॅस्टिकपेक्षा हा मला जास्त भरवशाचा वाटतो.

सामान थोडंसंच. पाव औंसाच्या निम्मे म्हणजे एक अष्टमांश औंस, साधारण साडेतीन ग्रॅमचे, एक नंबर किंवा एक-शून्य हुकचे तयार जिग हेड घ्या. शिसं घरी वितळवून ओतणारे आहेत, पण त्याची वाफ वाईट आणि साच्यात पाण्याचा थेंब राहिला तर शिसं अंगावर उडतं, घरात लहान मुलं असतील तर या भानगडीत पडूच नका. बकटेल दोन रंगांचं, तपकिरी आणि ऑलिव्ह. मजबूत दोरा, हुक पकडायला एक छोटा व्हाइस, दोऱ्याची बॉबिन, धारदार कात्री आणि साधं पारदर्शक नेलपॉलिश. व्हाइस नसेल तर सुरुवातीला टेबलाला लावायचा छोटा शिकंजाही चालतो.

१. हुक व्हाइसमध्ये घट्ट पकडा. हेडच्या मागे जो गळा असतो त्यावर दोरा दाट गुंडाळून घ्या, दहा-बारा वेढे. उघड्या धातूवर केस बांधले तर दुसऱ्या-तिसऱ्या माशाला गोल फिरायला लागतात.

२. तपकिरी केसांचा काडेपेटीच्या काडीएवढा जुडगा कापा. नवीन माणूस इथेच चुकतो, त्याला वाटतं भरपूर केस म्हणजे भरदार जिग, आणि मग तो जिग पाण्यात ब्रशसारखा तरंगत बसतो. शेपटीच्या बुडाकडचे केस आतून पोकळ असतात, दोरा आवळला की फुलतात, शेंड्याकडचे सरळ राहतात. मला मधले आवडतात.

३. जुडग्याच्या मुळाशी मऊ लव असते ती बोटांनी ओढून काढून टाका. टोकं कात्रीने सारखी करू नका, जशी नैसर्गिक आहेत तशीच मागे राहू द्या. लांबी हुकच्या दांड्याच्या दीडपट, त्याहून लांब ठेवलं तर मासा केसच ओढतो, हुक लागत नाही.

४. जुडगा गळ्यावर धरा आणि पहिले दोन वेढे सैल द्या. मग दोरा हळू ओढा. तुम्हाला दिसेल की केस आपोआप हेडभोवती सरकतात, बोटाने थोडं दाबलं की खालच्या बाजूलाही पसरतात. सगळीकडे सारखे पसरले की मग जोर लावून सात-आठ वेढे.

५. वरून ऑलिव्हचा आणखी बारीक जुडगा, तसाच. पुढे आलेली केसांची मुळं तिरकी कापा, म्हणजे दोऱ्याला उतार मिळतो, आणि ती पूर्ण झाकेपर्यंत वेढे द्या. शेवटी चार-पाच हाफ हिच गाठी आणि नेलपॉलिशचे दोन हात, मधे वाळायला अर्धा तास.

पहिल्याला वीस मिनिटं लागतील आणि तो वाकडा दिसेल, माशाला त्याने काही फरक पडत नाही. हिवाळ्यात संध्याकाळी बसून तीस-चाळीस बांधून ठेवतो, बर्फ पडत असतो आणि बाहेर जायचंच नसतं, तेव्हाचं हे उत्तम काम. पाणी उथळ असेल तर सोळांश औंसाचे, जोराच्या धारेला पाव औंसाचे असे तीन वजनांचे डबे ठेवा. जुलै-ऑगस्टच्या कोमट पाण्यात जिगच्या बरोबर नेड रिगही ठेवतो, म्हणजे चपट्या डोक्याच्या हलक्या हेडवर अडीच-तीन इंचाचा प्लॅस्टिकचा तुकडा, मोठा वर्म, म्हणजे प्लॅस्टिकचं गांडूळ, फाटला की त्याचाच कापून घेतो.

टाकायचा कसा, तर धारेच्या वरच्या अंगाला तिरका, लेजच्या थोडा पुढे. लाइन ताठ ठेवा पण ओढू नका. काठीचा शेंडा वर, जिग धारेबरोबर तळावरून घरंगळत पट्टीवरून खाली पडला पाहिजे. टक, टक, टक असं लागत राहतं, आणि मग एक टक येतच नाही, त्याच्या जागी ओल्या फडक्यासारखं जड काहीतरी वाटतं. तोच मासा. लगेच काठी बाजूला खेचा. बऱ्याचदा तेवढंही कळत नाही, नुसती लाइन आडवी सरकताना दिसते. टकटक अजिबात लागत नसेल तर वजन वाढवा, प्रत्येक वेळी अडकत असेल तर कमी करा, एवढंच गणित.

आता होडी. काठावरून आणि पाण्यात उभं राहूनही भरपूर मासे मिळतात, पहिला उन्हाळा तसाच काढा, नदी पायांना कळते. पण चांगल्या पट्ट्या मधोमध असतात. मोटरची होडी पाहिजे तर इकडचे लोक चपट्या तळाची ॲल्युमिनियमची जॉन बोट घेतात आणि तिला पंख्याऐवजी जेट युनिट लावतात, कारण पंखा खडकावर आपटून तुटतो. जेटमध्ये इंजिनाची साधारण ३० टक्के ताकद वाया जाते, म्हणून इंजिन मोठं घ्यावं लागतं, ट्रेलर आला, ठेवायला जागा आली. एकट्या माणसाला दहा ते बारा फुटांची सिट-ऑन-टॉप कयाक पुष्कळ झाली, गाडीच्या टपावर जाते आणि उथळ पाण्यात उतरून ओढता येते.

कयाक धारेत थांबवायची कशी हा खरा प्रश्न. पहिल्या वर्षी मी अँकरची दोरी बाजूच्या हँडललाच बांधली, अँकर दगडात रुतला, कयाक धारेला आडवी झाली आणि एका क्षणात कड पाण्याखाली गेली. सुरी जॅकेटला अडकवलेली होती, दोरी कापली म्हणून वाचलो. तेव्हापासून वाहत्या पाण्यात अँकर टाकणं बंद. त्याऐवजी साखळी. तीनेक फूट जाड लोखंडी साखळी, साधारण दोन किलोची, सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये घाला आणि दोन्ही तोंडं झिप टायने बांधा. ट्यूबमुळे खडकावर खडखडाट होत नाही आणि फटीत अडकायची शक्यताही कमी. दोरी कायम मागच्या टोकावरून, आणि हाताशी अशा क्लीटमध्ये, म्हणजे दोरी अडकवायच्या पकडीत, की एका झटक्यात सुटेल. गाठ मारू नका. साखळी तळावरून घासत येते, कयाक चालण्याच्या वेगाने खाली सरकते आणि तुम्हाला प्रत्येक पट्टीवर दोन-तीन कास्ट मिळतात. जोराच्या खळाळात मात्र साखळीही वर घ्यायची.

मला आवडणारा टप्पा म्हणजे फोर्ट हंटरला पाण्यात उतरायचं आणि पलीकडच्या काठाला वेस्ट फेअरव्ह्यूला बाहेर निघायचं. वाटेत १९०२ सालचा रॉकव्हिल पूल लागतो, ४८ दगडी कमानींचा, त्याच्या प्रत्येक खांबामागे शांत पाण्याची जागा आहे आणि तिथे जिग न टाकता पुढे जाणं मला जमलेलं नाही. गाडी दोन असतील तर एक खाली ठेवा, एकच असेल तर सकाळी सायकल खाली कुलूप लावून ठेवा.

पण इथून खाली वाहत जाऊ नका. हॅरिसबर्गच्या सिटी आयलंडच्या खाली डॉक स्ट्रीटचा बुटका बंधारा आहे. वरून बघितलं तर पाण्यात नुसती एक सरळ रेघ दिसते, भीती वाटावी असं काहीच नाही, पण पलीकडे पाणी पडून उलटं फिरतं आणि माणसाला, होडीला, ओंडक्याला परत परत बंधाऱ्याकडेच ओढत राहतं. कित्येक जीव गेलेत तिथे. कुठल्याही नदीत उतरायच्या आधी नकाशावर खालचा बंधारा कुठे आहे ते शोधा, मगच बाकीचं.

घरून निघताना हॅरिसबर्गला नदीची पातळी मोजणाऱ्या गेजचा आकडा ऑनलाइन बघा. साडेतीन-चार फूट असेल तर छान, पाच फुटांच्या वर मी कयाक काढत नाही. लाइफ जॅकेट बारा महिने अंगावरच ठेवा, आणि १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल या काळात सोळा फुटांहून लहान होडीत आणि कुठल्याही कयाक-कनूमध्ये ते घालणं पेनसिल्व्हेनियात कायद्यानेच बंधनकारक आहे. सोळा वर्षं आणि पुढच्या सगळ्यांना फिशिंग लायसन्स लागतं, आणि फिश अँड बोट कमिशनच्या घाटावरून बिनमोटरची होडी सोडायलाही परमिट लागतं. बासचे नियम नदीच्या टप्प्याप्रमाणे वेगळे आहेत, हॅरिसबर्गच्या आसपास धरलेला बास लगेच सोडायचा असतो, तरी त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक बघूनच जा.

सोडताना हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. हुकच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला असेल तर जिग एका वळणात सुटतो. फोटो काढायचा तर आधी फोन तयार ठेवा, मग मासा उचला, एका हाताने जबडा आणि दुसऱ्याने पोट. वसंतात नर अंड्यांची राखण करत घरट्यावर असतो, उथळ पाण्यात साफ केलेली गोल जागा दिसते, त्याला तेव्हा धरलं तर मिनिटाभरात बाकीचे मासे अंडी खाऊन टाकतात. घरटं दिसलं की मी वल्हं मारून लांबूनच निघून जातो.

आणि घरी आल्यावर जिगचा डबा उघडा ठेवा, रात्रभर पंख्याखाली. बकटेल ओलं राहिलं तर हुक गंजतात आणि पुढच्या शनिवारी तीस जिगमधले दहा फेकून द्यावे लागतात.