उंचावरच्या कॅम्पात कचऱ्याची भट्टी कशी चालवावी

लडाखमध्ये रस्त्याच्या कामाचा कॅम्प पडला की आठवड्याभरात किचनमागे कचऱ्याचा ढीग होतो. मग मोकाट कुत्री येतात, आणि द्रास-झंस्कारच्या बाजूला तपकिरी अस्वलंही येतात. खड्डा करून गाडणं तिथे कामाचं नाही. थंडीत काही कुजत नाही आणि अस्वल वास काढत येऊन सगळं उकरतं. म्हणून पोर्टेबल इन्सिनरेटर, म्हणजे उचलून नेता येणारी भट्टी. साठ-सत्तर माणसांच्या कॅम्पात मी ती कित्येक हंगाम चालवली आहे. ‘सगळं आत टाका, बटण दाबा’ असं सांगणाऱ्यांची मला चीड येते, कारण त्या सल्ल्याचा धूर आमच्या माणसांच्या छातीत गेला.

भट्टी दोन कप्प्यांचीच घ्या. खालच्या कप्प्यात कचरा जळतो आणि त्याचा धूर वरच्या कप्प्यात पुन्हा जळतो. एका कप्प्याची स्वस्त मिळते, पण ती नकोच.

जागा सपाट हवी, तंबूंपासून आणि डिझेलच्या पिंपांपासून लांब. दरीत वारा दिवसा वर चढतो आणि रात्री खाली उतरतो, तेव्हा दोन्ही वेळा बघून ठरवा.

कचरा निवडताना काच, पत्र्याचे डबे, स्प्रेचे कॅन आणि सेल बाजूला काढा, ते खाली जाणाऱ्या गाडीत जातील. फर्स्ट एडच्या सुया आणि ड्रेसिंगही या भट्टीत नाहीत, जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम वेगळे आहेत. सगळ्यात जपायचं ते पीव्हीसीला: पाइपाचे तुकडे, वायरचं आवरण, रेक्झिन. ते जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो आणि डायॉक्झिन नावाचं विषारी रसायनही तयार होतं. शंका आली तर तांब्याची तार लाल होईस्तोवर तापवा, प्लास्टिकला टेकवा आणि तीच तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. हे उघड्यावर करा, वाऱ्याकडे पाठ करून.

साडेतीन हजार मीटरवर हवा जवळपास एक तृतीयांश विरळ असते. खाली मैदानात जुळवलेला डिझेलचा बर्नर तिथे पिवळी, काजळी धरणारी ज्योत देतो. हवेची झडप जागेवरच जुळवून घ्या. हिवाळ्यात साधं डिझेल घट्ट होतं, २०१९ पासून लडाखला मिळणारं हिवाळी डिझेलच वापरा.

आता कचरा आत घालणं. सगळी गडबड इथे होते, माझीही झाली होती.

पहिल्या हंगामात मला मशीन देणाऱ्याच्या माणसाने सांगितलं होतं की दारातून मावेल ते जळेल. एका पहाटे मी उरलेला भात आणि कोबीची पानं भरलेली अख्खी गोणी आत ढकलली. वरच्या कप्प्याचं तापमान दाखवणाऱ्या मीटरचा आकडा डोळ्यांदेखत सहाशे अंशांच्या खाली आला. धुराड्यातून दाट पांढरा धूर निघाला. पहाटेच्या थंड हवेत तो वर गेलाच नाही, तंबूंवर अंथरल्यासारखा पसरला. माणसं खोकत बाहेर आली. दुपारी भट्टीमागच्या बर्फावरून बोट फिरवलं तर बोटाला काजळी लागली. त्या बर्फाचं वितळलेलं पाणीच आम्ही प्यायचो.

चूक साधी होती. दहा किलो भाजीच्या सालांत सात-आठ किलो नुसतं पाणी असतं. ते वाफ होऊन जाताना भट्टीची सगळी उष्णता खातं, आणि कप्पा गार पडला की धूर अर्धवट जळूनच बाहेर येतो. उलट नुसता पुठ्ठा आणि प्लास्टिक टाकलं तर ते एकदम भडकतं, हवा पुरत नाही आणि काळा धूर येतो. म्हणून ओलं एकटं नाही आणि सुकंही एकटं नाही.

मी असं करतो. खरकटं रात्रभर जाळीवर निथळत ठेवतो. सकाळी पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यांत एक भाग ओलं आणि दोन भाग सुकं मिसळून भरतो. प्रत्येक खोकं काट्यावर तीन किलोचं, त्याहून जड नाही. खोकं तयार असलं की दार चार-पाच सेकंदच उघडावं लागतं.

आधी वरच्या कप्प्याचा बर्नर लावायचा. २०१६ च्या घनकचरा नियमांत वरच्या कप्प्यासाठी किमान ९५० अंश आणि तिथे धूर दोन सेकंद राहायला हवा असं लिहिलं होतं, तोच आकडा धरा. मीटरवर ९५० दिसेपर्यंत एक कागदही आत जाणार नाही. माझ्या भट्टीला त्याला पाऊण तास लागतो. डिझेल वाया जातं म्हणून कुणी घाई केली तर ऐकू नका.

मग खालचा बर्नर चालू असेल तर बंद करा, दाराच्या समोर न राहता बाजूला उभे राहा, खोकं सरकवा, दार लावा आणि बर्नर पुन्हा चालू करा. दारासमोर उभं राहिलं तर भडका तोंडावर येतो. नजर वरच्या मीटरवर ठेवा. आकडा हलतो आणि मग स्थिरावतो. तो पुन्हा ९५० वर आला आणि आत बघायच्या काचेतून ज्योत बसलेली दिसली की पुढचं खोकं, साधारण दहा मिनिटांनी. या हिशेबाने तासाला अठरा किलो होतात. मशीनवर तीस लिहिलं असलं तरी त्या उंचीवर वीसच्या वर जाऊ नका. धुराड्याच्या तोंडाशी नुसती हवा थरथरताना दिसली पाहिजे. धूर दिसला तर खोकी थांबवा आणि बर्नर चालू ठेवा.

शेवटचं खोकं टाकल्यावर वरचा बर्नर आणखी अर्धा तास चालू द्या. ब्लोअर, म्हणजे हवा फुंकणारा पंखा, भट्टी गार होईपर्यंत बंद करू नका.

राख दुसऱ्या दिवशी काढा, वरून गार वाटली तरी आत निखारे असतात. झाकणाच्या लोखंडी डब्यात भरा आणि कचऱ्याच्या गाडीबरोबर खाली पाठवा. ओढ्याकाठी ओतायची नाही, रस्त्याच्या भरावात तर मुळीच नाही.