बिनपगारी इंटर्नशिपला जाताय? आधी विम्याचा कागद मागा

मी गोव्यात डिचोलीला विमा एजंट आहे. चवथ (गणेशचतुर्थी) सरली की कॉलेजच्या मुलांचे फोन सुरू होतात: "दादा, इंटर्नशिपला विमा लागतो म्हणतात, स्वस्तातला एखादा द्या." द्यायला माझी हरकत नाही. पण आधी काय तपासायचं ते इथे लिहून ठेवतो, निम्मे फोन तरी वाचतील.

आधी बघा, कागदावर तुम्ही कोण आहात. 1961 च्या अप्रेंटिसशिप कायद्याखाली करार नोंदलेला असेल तर विद्यावेतन द्यावंच लागतं, आणि कामावर इजा झाली तर भरपाई मालकाच्या गळ्यात. म्हणजे ज्याला दमडी मिळत नाही तो बहुतेक वेळा ह्या कायद्यात बसतच नाही. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, पगारावरच्या वर्गणीतून चालतो. पगार नाही, तर वर्गणी नाही आणि कार्डही नाही. राहिली कंपनीची डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामगाराला इजा झाली तर भरपाई देणारी. तिचा हप्ता कामगारांची संख्या आणि पगार सांगून ठरतो, त्यामुळे बिनपगारी मुलं त्या यादीतून आपोआप गळतात. एचआरवाले "आमच्याकडे सगळ्यांचा विमा आहे" म्हणाले तर हसून एवढंच विचारा, "प्रशिक्षणार्थी त्यात धरलेत का? तसा मेल कराल का?"

 आपण आपलं कॉलेजचं ऑफिस गाठावं. बऱ्याच कॉलेजांनी विद्यार्थ्यांसाठी गट अपघात विमा घेतलेला असतो, फक्त तो कपाटात असतो. प्रत मागून घ्या आणि तीन गोष्टी वाचा. संरक्षण चोवीस तासांचं आहे की फक्त कॉलेजच्या आवारातलं? दवाखान्याचं बिल मिळतं की फक्त मृत्यू आणि अपंगत्वाचे पैसे? आणि धंद्याच्या रकान्यात काय लिहिलंय? विमा कंपन्या कामाच्या धोक्याप्रमाणे वर्ग पाडतात: ऑफिसातला एका वर्गात, यंत्रावर हात चालवणारा दुसऱ्यात. वेर्ण्याच्या कारखान्यात प्रेसवर उभा राहणारा मुलगा कागदावर नुसता "विद्यार्थी" असेल तर क्लेमच्या वेळी कंपनी ते उकरून काढते. ऑफिसकडून एका ओळीचं पत्र विमा कंपनीला जाऊ दे: अमुक विद्यार्थी अमुक तारखांना अमुक ठिकाणी प्रशिक्षण घेतील.

कॉलेज आणि हॉटेल किंवा कारखाना यांच्यात जे पत्र होतं, त्यातही एक वाक्य घालून घ्या: "प्रशिक्षणकाळात कामाच्या जागी अपघात झाल्यास प्रथमोपचार व रुग्णालयाचा खर्च आस्थापना करील." काही जण सही करायला कुरकुरतात. कुरकुरले की समजायचं, उद्या काही झालं तर तिथे कोण उभं राहणार ते.

आता वर्षाला वीस रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. ती बँकेतून निघते, मला त्यात काही सुटत नाही, तरीही घ्याच. वय 18 ते 70, मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख, एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर 1 लाख. वर्ष 1 जून ते 31 मे. हप्ता खात्यातून कापला जातो, तेव्हा मेअखेर खात्यात पैसे हवेत. पण ही पॉलिसी टाक्याचे पैसे देत नाही. सत्तरी तालुक्यातल्या एका मुलाचं बोट हॉटेलच्या किचनमध्ये स्लायसरवर कापलं, वडील ह्याच योजनेचा कागद घेऊन माझ्याकडे आले. काय सांगणार? टाके, एक्सरे, औषधं यासाठी वैयक्तिक अपघात पॉलिसीत वैद्यकीय खर्चाची जोड घ्यावी लागते. घरचं गोवा सरकारचं दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्ड चालू असेल तर यादीतल्या उपचारांना आधार होतो: तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाख.

आयटीआयची सोळा-सतरा वर्षांची मुलं वीस रुपयांच्या योजनेत बसत नाहीत. त्यांच्यासाठी कॉलेजची गट पॉलिसी नाहीतर आईवडिलांच्या पॉलिसीत नाव, एवढेच मार्ग.

मला खरी धास्ती यंत्रांपेक्षा स्कूटरची वाटते. वाळपईहून वेर्ण्याला, पेडण्याहून कळंगुटला रोज जा-ये, रात्रीची शिफ्ट, पावसाळा. गाडीच्या विम्यात 15 लाखांचा अपघात विमा असतो खरा, पण तो मालक-चालकाचा. आरसी बाबांच्या नावावर आणि चालवतोय मुलगा, तर त्या पंधरा लाखांतलं मुलाला काही नाही. लायसन्स नसेल तर तुमची स्वतःची अपघात पॉलिसीही हात वर करते. अठराच्या आत 50 सीसीच्या वरची स्कूटर चालवायची परवानगी नाही, आणि आपल्या रस्त्यांवर दिसतात त्या बहुतेक स्कूटरी 100 च्या पुढच्या. कदंबाची सरकारी बस धरा. तिची वेळ जमत नसेल तर शिफ्ट बदलून मागा, लाजू नका.

अपघात झालाच तर आधी 108. मग सुपरवायझरकडून त्याच दिवशी रजिस्टरमध्ये नोंद करून घ्या आणि तिचा फोटो काढा. बांबोळीच्या गोमेकॉत (सरकारी मेडिकल कॉलेजात) न्या की म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात, केसपेपरवर "कामावर असताना", जागा आणि वेळ लिहून घ्या. घाबरून "घरी पडलो" सांगू नका; सुपरवायझर गोड बोलून तसं सांगायला लावतात, आणि मग क्लेम तिथेच बुडतो. रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलिसांत नोंद हवी. मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि कॉलेजचं इंटर्नशिपचं पत्र एका फाईलमध्ये ठेवा. विमा कंपनीला पहिल्याच आठवड्यात लेखी कळवा, सुरक्षा विम्याचा फॉर्म शक्यतो तीस दिवसांत बँकेत द्या. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. ते पटलं नाही तर कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, तिथेही दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.