मोबाइल पाहताना आवळला जाणारा जबडा सैल कसा करावा

झोपेत दात खाणाऱ्याला घरातली मोठी माणसे अजूनही जंतांचे औषध घ्यायला सांगतात. परंतु विशी-तिशीतल्यांच्या बाबतीत यामागे बहुधा ताणतणाव, अपुरी झोप, रात्रीची कॉफी, तंबाखू, मद्य किंवा नैराश्यावरील काही औषधे असतात. केवळ मोबाइलमुळे दात झिजतात, असे सिद्ध झालेले नाही. मात्र अंथरुणात उशिरापर्यंत पाहिलेला मोबाइल झोप मोडतो, आणि मान खाली घालून त्यात गुंतलेल्या माणसाचा जबडा नकळत आवळला जातो.

आधी आरशात पाहावे. गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरी कड किंवा जिभेच्या कडांवर दातांचे ठसे दिसतात का? दात आवळल्यावर कानापुढे, गालाच्या मागच्या भागात जो स्नायू टणक होतो, तो सकाळी ठणकत असेल किंवा कानशिले दुखत असतील, तर रात्री दात खाल्ले जात असावेत.

दिवसाची सवय आपल्या हातात असते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. ओठ मिटलेले, दात सुटे आणि जिभेचे टोक वरच्या पुढील दातांच्या मागे टाळूला हलकेच टेकलेले, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती होय. तेव्हा वरच्या-खालच्या दातांत साधारण २ ते ४ मिलिमीटर फट असते. याचा सराव प्रवासातही करता येतो. उदाहरणार्थ, ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोली, रबाळे, घणसोली अशी स्थानकांची नावे पुकारली जातात. प्रत्येक नावासरशी दात टेकलेले आहेत का, हे तपासावे आणि खांदे सैल सोडावेत. बसायला जागा मिळाली, तर मांडीवरच्या बॅगेवर कोपरे टेकवून मोबाइल डोळ्यांच्या पातळीजवळ धरावा.

रात्री चार्जर बाहेरच्या खोलीत ठेवावा, झोपण्यापूर्वी तासभर मोबाइल बाजूला ठेवावा आणि दुखऱ्या गालाला ओल्या गरम कपड्याने शेक द्यावा.

झिजलेले दंतवल्क, म्हणजे दातांवरचे कठीण आवरण (इनॅमल), पुन्हा तयार होत नाही, त्यामुळे दात शिवशिवू लागल्यास दंतवैद्यांकडे जाण्यास उशीर करू नये; नवी मुंबईत नेरूळमधील दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतही तपासणी होते. दंतवैद्य दातांचे माप घेऊन नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचे संरक्षक आवरण, बनवून देतात. गार्ड दातांची झीज रोखतो, सवय मोडत नाही. म्हणून दिवसाचा सराव चालूच ठेवावा. नैराश्यावरील औषधे मनाने बंद करू नयेत, आणि घोरणे किंवा झोपेत श्वास अडकणे असे काही घरच्यांच्या लक्षात आले असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.