मुलाचं कोलेस्टेरॉल जास्त आलं तर

माझ्या सासऱ्यांना चाळिशीतच हार्ट अटॅक आला होता, म्हणून डॉक्टरांनी नातवाचीही लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची टेस्ट करायला लावली. पोरगा अगदी काटकुळा, तरी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८! जाड मुलांनाच हे होतं, हा समज आधी डोक्यातून काढा.

मुलांचे आकडे वेगळे असतात. एकूण कोलेस्टेरॉल १७० च्या आत, एलडीएल ११० च्या आत हवं. एलडीएल १३० किंवा वर म्हणजे जास्त. एका रिपोर्टवर ठरवू नका. काही आठवड्यांनी उपाशीपोटी पुन्हा तपासा, थायरॉइडही बघून घ्या. १६० च्या वर आणि घरात कमी वयात हृदयविकार, तर दोष आनुवंशिक असू शकतो. मग आईबाबा, भावंडं सगळ्यांचं रक्त तपासायचं.

डालडा, खारी, नानकटाई बंद. दूध साय काढून. मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, सालासकट पेरू. वरणभातावर अर्धा चमचा तूप मी घालतेच, सासूबाईंशी कोण भांडणार! मात्र पोराला वेगळं ताट नको, सगळ्यांनी तेच खायचं. रोज तासभर दमवणारा खेळ.

आनुवंशिक असेल तर नुसत्या पथ्यानं पुरेसं उतरत नाही. साधारण आठ-दहा वर्षांच्या वयापासून डॉक्टर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुचवू शकतात. ‘एवढ्याशा पोराला गोळी?’ म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांना चहा द्या, पण गोळी त्यांच्या सांगण्यावरून थांबवू नका.