समुद्रकिनारा बघायला जाताय? तिकिटाआधी भरती-ओहोटी बघा

किनारा बघायला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी जागा ठरवतात, मग तिकिटं, मग हॉटेल, आणि तिथे पोचल्यावर कळतं की ज्या दगडी कमानीखालून चालत जायचं होतं तिच्याखाली छातीएवढं पाणी आहे आणि ते उतरेपर्यंत अंधार पडणार आहे. माझं पहिल्यांदा अगदी हेच झालं होतं, खूप लांबून गेलो होतो आणि जे बघायला गेलो ते सगळं पाण्याखाली होतं. तेव्हापासून मी क्रम उलटा केलाय, आधी भरती-ओहोटीचं टेबल उघडायचं आणि मग बाकी सगळं त्याभोवती बसवायचं. तोच किनारा सकाळी एक असतो आणि सहा तासांनी पूर्ण वेगळा असतो, त्यामुळे कुठे जाताय याच्याइतकंच किती वाजता जाताय याला महत्त्व आहे.

टेबल वाचणं अवघड नाहीये. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे आज सकाळी ९ वाजता ओहोटी असेल तर उद्या तीच ओहोटी ९:५० च्या आसपास. ही पन्नास मिनिटं लक्षात ठेवली की तीन-चार दिवसांचा प्लॅन डोक्यातल्या डोक्यात होतो. दुसरं म्हणजे चंद्र. पौर्णिमा-अमावस्येला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण, म्हणजे पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात लांब मागेही जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा चढ-उतार कमी. गुहा, कमानी, कातळावरची डबकी हे सगळं बघायचं असेल तर उधाणाचे दिवस निवडा कारण तेव्हाची ओहोटी एरवी न दिसणारी जमीन उघडी करते, पण त्याच दिवसांत पाणी परत येतं तेही जोरात येतं हे सोबतच लक्षात ठेवायचं.

आणि पाणी एकसारख्या वेगाने येत नाही, ही गोष्ट मला कोणीतरी आधीच सांगायला हवी होती. खलाशी लोक बारा भागांचा हिशेब वापरतात: पहिल्या तासात एकूण चढाच्या बारा भागांपैकी एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे ओहोटी संपल्यावर पहिला तासभर काहीच होत नाहीये असं वाटतं, आपण निवांत शंख बघत बसतो, आणि मग मधल्या दोन तासांत अर्धा समुद्र आत येतो. म्हणून ओहोटीच्या वेळेच्या दीड-दोन तास आधी पोचायचं, पाणी मागे सरेल तसं त्याच्या मागोमाग पुढे जायचं, आणि टेबलमधली ओहोटीची वेळ झाली की परत फिरायला सुरुवात करायची, तेव्हा पुढे जायला सुरुवात करायची नाही. टेबलमधली वेळ कुठल्या घड्याळाची आहे तेही तपासा, काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात आणि काही टेबलांमध्ये तो तास धरलेला नसतो.

प्रत्येक ठिकाणी या सगळ्याला सारखंच महत्त्व नसतं बरं का. भूमध्य समुद्रावर बऱ्याच ठिकाणी पाण्याचा चढ-उतार इतका कमी की टेबल नाही बघितलं तरी चालेल, तिथे वारा आणि लाटा बघा. दुसऱ्या टोकाला कॅनडातली फंडीची खाडी, जिथे फरक १६ मीटरपर्यंत जातो. तिथल्या होपवेल रॉक्सला ओहोटीत तुम्ही समुद्राच्या तळावर चालता, डोक्यावर झाडं उगवलेले सुळके उभे असतात, आणि भरतीत त्याच सुळक्यांच्या मधून लोक कयाक वल्हवत जातात. अशा जागी दोन्ही वेळा बघितल्याशिवाय निघूच नका, एकच बघितलं तर अर्धीच जागा बघितली असं होतं.

आता पाणी मागे गेलंय आणि तुम्ही खडकाशी उभे आहात, तर पहिलं काम म्हणजे फोटो न काढता खडकावरचे पट्टे बघायचे. वरून खाली या. सगळ्यात वर कोरडा खडक, त्यावर कुठे पिवळट-राखाडी दगडफूल. त्याखाली एक काळपट पट्टा, जणू कोणी डांबर फासलंय, तो बारीक जिवाणूंचा आणि दगडफुलाचा थर असतो आणि ओला झाला की भयंकर निसरडा होतो. त्याखाली पांढुरके खरखरीत छोटे छोटे शंकू, हे बार्नॅकल, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे कवचातले जीव, पाणी गेलं की झाकण घट्ट लावून बसलेले. कान अगदी जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू येते, तेलात मोहरी तडतडायच्या आधी येते तशी. त्याच्या खाली हिरवं-तपकिरी शेवाळ. सगळीकडे हुबेहूब असेच पट्टे नसतात पण क्रम साधारण हाच. आणि याचा उपयोग काय तर पाणी रोज कुठवर चढतं हे त्या खडकानेच लिहून ठेवलंय, बार्नॅकलची वरची रेघ तुमच्या डोक्याच्या वर असेल तर तुम्ही आत्ता उभे आहात ती जागा काही तासांनी बुडणार आहे, टेबल हरवलं तरी एवढं कळतं. डबक्यात समुद्रफुलं म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी, शंखात शिरलेले खेकडे दिसतील, दगड उलटवून बघितलात तर तो परत तसाच, त्याच बाजूने ठेवा, खाली राहणारे जीव उन्हात मरतात.

मग मागे सरकून अख्खा कडा बघा आणि स्वतःला विचारा की हा किनारा आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे. लाटा भूशिराजवळ आल्या की वळतात आणि पुढे आलेल्या जमिनीवरच सगळा जोर काढतात. खडकात जिथे भेग तिथे आधी गुहा होते, दोन्ही बाजूंच्या गुहा आत भेटल्या की कमान, कमानीचं छत पडलं की पाण्यात एकटा सुळका, आणि तोही झिजला की ओहोटीत दिसणारा बुटका खुंट. हा क्रम एकदा कळला की कुठलाही खडकाळ किनारा गोष्टीसारखा वाचता येतो, एकाच उपसागरात चारही टप्पे शेजारी शेजारी दिसतात कधी कधी. स्कॉटलंडमधला ओल्ड मॅन ऑफ हॉय हा १३७ मीटर उंचीचा वालुकाश्माचा सुळका, इतका भक्कम दिसतो की तो कायमचाच आहे असं वाटतं, पण तो काही शतकांपूर्वीपर्यंत मागच्या कड्याचाच भाग होता असं मानतात. ऑस्ट्रेलियात ज्यांना ट्वेल्व्ह अपॉसल्स म्हणतात ते चुनखडीचे सुळके नावाप्रमाणे बारा कधीच नव्हते, आणि २००५ च्या जुलैमध्ये त्यातला एक लोकांच्या डोळ्यांदेखत कोसळला. माल्टाच्या गोझो बेटावरची अझूर विंडो नावाची कमान ८ मार्च २०१७ ला वादळात गेली, कमानही गेली आणि तिला धरणारा खांबही.

हे सांगतोय कारण कमानीवर चढून फोटो काढणारे लोक मी अजूनही बघतो आणि मनापासून वाईट वाटतं. ट्वेल्व्ह अपॉसल्सच्याच किनाऱ्यावर लंडन ब्रिज नावाची दुहेरी कमान होती, १९९० च्या जानेवारीत जमिनीला जोडणारी बाजू अचानक पडली आणि पलीकडे गेलेले दोन जण समुद्रात एकट्या उरलेल्या खडकावर अडकले, हेलिकॉप्टरने सोडवावं लागलं. कोणाला काही झालं नाही हे नशीब. कड्याच्या काठाचंही तेच, वरून सपाट गवत दिसतं पण खालून तो पोकळ झालेला असू शकतो आणि वर उभ्या माणसाला ते कधीच दिसत नाही. काठापासून चांगलं मागे राहा, आणि मोठ्या पावसानंतर कड्याच्या पायथ्याशीही बसू नका.

लाटांसाठी माझा एकच नियम आहे, पाण्याजवळच्या कुठल्याही खडकावर जायच्या आधी लांब उभं राहून पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघायचं. लाटा गटागटाने येतात, दहा मिनिटं सगळं शांत आणि मग तीन-चार मोठ्या. कोरडा खडक कुठे संपतो आणि ओला कुठे सुरू होतो ती रेघ शोधा आणि ओल्या भागावर पाय ठेवू नका. आइसलंडमधला रेनिस्फ्यारा हा काळ्या वाळूचा किनारा याच कारणाने धोकादायक आहे, तिथे एखादी लाट आधीच्या सगळ्या लाटांपेक्षा खूप आत येते आणि माणसं ओढली गेली आहेत. पाठ समुद्राकडे करून फोटोला उभं राहणं तिथे तर नकोच. आणि वाळूच्या किनाऱ्यावर पोहायचं असेल तर जिथे लाटा फुटत नाहीयेत, पाणी जरा गडद आणि शांत दिसतंय, ती पट्टी बहुतेकदा बाहेर ओढणाऱ्या प्रवाहाची असते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहून पट्टीतून बाहेर या.

उजेडाचं थोडक्यात सांगतो. नकाशावर बघा किनारा कुठल्या दिशेला तोंड करून आहे. पश्चिमेला असेल तर सकाळी कड्याची सावली तुमच्यावर आणि संध्याकाळी कडा उजळलेला, आयर्लंडमधले मोहरचे कडे, २१४ मीटरपर्यंत उंच, हे संध्याकाळी बघायचे ते त्यासाठी. सूर्य बुडाला की लोक लगेच उठतात, बसून राहा, पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत आकाश आणि पाणी दोन्ही निळं होतं. फोटोत क्षितिज सरळ ठेवा आणि उंच कडा असेल तर फ्रेममध्ये एखादा माणूस येऊ द्या, नाहीतर शंभर मीटरचा कडा दहा मीटरचा वाटतो. घरी आल्यावर कॅमेरा आणि ट्रायपॉड गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा, मीठ राहिलं की स्क्रू गंजतात.

एक गोष्ट मला फार आवडते आणि तिला काही लागत नाही. पुळणीवर उभे असाल तर क्षितिज तुमच्यापासून फक्त पावणेपाच किलोमीटरच्या आसपास असतं, आणि शंभर मीटर उंच कड्यावर चढलात की तेच ३५ किलोमीटरच्या पुढे जातं. खालून एखाद्या जहाजाचा नुसता वरचा भाग दिसत असेल तर पटकन वर चढा, खालचा सगळा सांगाडा पाण्यातून वर आल्यासारखा दिसतो. पृथ्वी गोल आहे हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि असं दहा मिनिटांत बघणं वेगळं.

दीपगृह मात्र दिवसा बघून परत येऊ नका, हे माझं हात जोडून सांगणं आहे. दिवसा तो फक्त एक उंच बुरूज असतो, संध्याकाळी दिवा लागल्यावर तो बोलायला लागतो. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप ठरलेली असते, किती सेकंदांनी किती झोत, कुठल्या रंगाचे, आणि खलाशी त्यावरूनच ओळखतात की आपण नक्की कुठे आहोत. अमेरिकेतल्या केप हॅटरस दीपगृहाचा झोत साडेसात सेकंदांनी एकदा येतो. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा, एक झोत गेला की सुरू, मग चार-पाच फेऱ्या मोजून सरासरी काढा आणि त्या दीपगृहाच्या नोंदीशी ताडून बघा, बरोबर आलं की लहान मुलांइतकाच मोठ्यांनाही आनंद होतो. आत जाऊ देत असतील तर भिंग जवळून बघा, एकात एक बसवलेली काचेची कडी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसणारी पण काचेची. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनियरची ही कल्पना, १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात पहिल्यांदा बसवली, एका साध्या दिव्याचा विखुरणारा उजेड गोळा करून आडवा समुद्रावर पाठवायचा.

आणि दीपगृह बघताना त्याच्या पायाकडेही बघा. हॅटरसचं दीपगृह १८७० मध्ये बांधलं तेव्हा समुद्र साधारण साडेचारशे मीटर लांब होता, शंभर-सव्वाशे वर्षांत तो जवळजवळ पायाशी आला, शेवटी १९९९ मध्ये अख्खा विटांचा बुरूज उचलून रुळांवरून जवळपास ९०० मीटर आत नेला. इंग्लंडच्या एडिस्टोन खडकावर तर एकामागून एक दीपगृहं झाली, १७०३ च्या वादळात पहिलं त्याच्या बांधणाऱ्यासकट वाहून गेलं, स्मीटन नावाच्या इंजिनियरने १७५९ मध्ये बांधलेला दगडी बुरूज मजबूत निघाला पण त्याखालचा खडकच झिजला, म्हणून वरचा भाग काढून प्लिमथला जमिनीवर परत उभा केला. आज त्यात चढता येतं, आणि स्वच्छ दिवशी वरून समुद्रात त्याचा उरलेला खुंट आणि शेजारचं १८८२ चं चालू दीपगृह शोधायचा प्रयत्न करा, दुर्बीण मात्र सोबत हवी.

शेवटी एक छोटं काम. जिथे जाल तिथे एकाच जागेवरून दोन फोटो काढा, एक ओहोटीला, एक भरतीला, दोन्हीवर वेळ आणि तिथी लिहून ठेवा. पहिला फोटो ओहोटीला काढताना जागा बार्नॅकलच्या रेघेच्या बऱ्याच वरची निवडा, कारण दुसऱ्या फोटोच्या वेळी खालच्या दगडावर तुम्हाला उभं राहता येणार नाही.