ट्रोलिंगचा रॉड-रील वाईट ठरवण्याआधी या चुका टाळा

अक्कलपाडा धरणाच्या तळाशी माझा एक रॉड-रीलचा जोड (गळाची काठी आणि दोर गुंडाळायची चरखी) पडून आहे. डिसेंबरची सकाळ होती, पांझरेच्या पाण्यावर धुकं होतं आणि होडी निवांत चाललेली. मी थर्मासमधून चहा ओतत होतो, तेवढ्यात मागे 'कट्ट' असा आवाज आला. वळून बघतो तर रॉड धरून ठेवणाऱ्या होल्डरचा अर्धा तुकडा होडीच्या काठाला लटकतोय आणि रॉड गायब. मोठा मासा लागला म्हणून मी ओरडलोसुद्धा. वल्हं मारणाऱ्या नानांनी मागे मान न वळवताच सांगितलं, "भाऊ, मासा नई शे तो. खोड शे."

पुढचे तीन दिवस मी होल्डरला शिव्या घातल्या. मग शांतपणे विचार केला, तर होल्डरचा दोष चार आण्यांचा आणि माझा बारा आण्यांचा निघाला. ड्रॅग (ताण आला की दोर सुटू देणारा रीलचा ब्रेक) आवळलेला होता, ल्युअर (नकली आमिष) बुडणारं होतं आणि रॉडला होडीशी बांधणारी दोरी नव्हती. तेव्हापासून कोणी "हे रील भंगार आहे", "या ल्युअरला मासा लागतच नाही" असं म्हटलं की मी आधी विचारतो, होडी किती वेगात होती आणि दोर किती सोडला होता? बहुतेकांना सांगता येत नाही. मग दोष सामानाचा की वापराचा, हे ठरवायचं कसं?

चुकीच्या माशामागे जाणं

चालत्या होडीमागे ल्युअर ओढत नेणं म्हणजे ट्रोलिंग. पळणारं भक्ष्य बघून झडप घालणाऱ्या माशासाठीच ते उपयोगी. आपल्या धरणांत कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलेलं असतं. कटला पाण्यातलं बारीक जीवजंतू गाळून खातो आणि मृगळ तळाची घाण चाळतो. त्यांच्यासाठी कणकेचा गोळाच बरा. क्रँकबेट (माशाच्या आकाराचं टणक ल्युअर) ओढून कटला मिळाला नाही म्हणून ल्युअर बदलत बसणं म्हणजे शेळीला मटण वाढून ती जेवत नाही म्हणून रडणं. ट्रोलिंगला मिळतात ते शिवडा, शिंगाळा यांसारखे शिकारी मासे. मरळही शिकारी आहे, पण ती काठच्या गवतात, उथळ पाण्यात दबा धरते. तिच्यासाठी होडी थांबवून रॉड फेकणं जास्त फळतं.

वेग डोळ्यांनी मोजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लिप (ल्युअरला खाली नेणारी तोंडाशी असलेली पट्टी) असलेलं क्रँकबेट साधारण ताशी अडीच ते चार किलोमीटर वेगात नीट डोलतं. पायी रमतगमत चालणाऱ्या माणसाचा हा वेग. पाण्यावर तो फारच मंद वाटतो, म्हणून हात आपोआप थ्रॉटलकडे जातो. वेग वाढला की ल्युअर आडवं होऊन पृष्ठभागावर येतं किंवा गरगर फिरायला लागतं. मग आपण म्हणतो, ल्युअर खराब.

मोबाइलचं जीपीएस चालू ठेवा आणि काठाच्या खुणा न बघता त्या आकड्याकडे बघा. वारा पाठीशी असला की वल्हं न मारताही होडी वेग घेते, समोरून आला की इंजिन तेवढंच असूनही ती मंदावते. दुपारचा वारा सुटला की एकाच फेरीत जाताना आणि येताना मोठा फरक पडतो.

होडी छोटी आणि इंजिन मोठं असेल तर अगदी कमी थ्रॉटललाही ती धावतेच. अशा वेळी दोन्ही बाजूंना एकेक बादली दोरीने बांधून पाण्यात सोडा, वेग लगेच उतरतो. दोरी पंख्यापर्यंत पोचणार नाही एवढी आखूड ठेवा. आणि खरं सांगू का, नानांच्या वल्ह्याइतकं चांगलं ट्रोलिंग मला कोणत्याच इंजिनने जमलेलं नाही. वल्ह्याच्या प्रत्येक ओढीला ल्युअर किंचित पुढे झेपावतं, मग सावकाश होतं. माशाला तेच हवं असतं.

वळण घेताना डोळे उघडे ठेवा. आतल्या बाजूचं ल्युअर मंदावतं, बाहेरच्या बाजूचं वेग घेतं. वळणावर नेहमी बाहेरच्याच रॉडला मासा लागत असेल, तर सरळ जाताना तुमचा वेग कमी पडतोय.

डब्यावरचा खोलीचा आकडा खरा मानणं

डब्यावर 'तीन मीटर' छापलेलं असतं. पण ल्युअर किती खाली जाईल हे सोडलेल्या दोराची लांबी आणि जाडी यांवर ठरतं. तेवढ्याच ताकदीचा ब्रेडेड (विणलेला) दोर साध्या तंगूसपेक्षा बारीक असतो, पाण्याला कमी अडतो, म्हणून तेच ल्युअर त्याच्यावर जास्त खाली जातं. काही कंपन्या फेकून ओढल्यावरचा आकडा देतात, काही ट्रोलिंगचा. म्हणून पहिल्या दिवशी मासेमारी बाजूला ठेवा. खोली माहीत असलेल्या साफ तळाच्या जागी ल्युअर ओढा, दर फेरीला पाच मीटर दोर जास्त सोडा. ज्या लांबीला तळ लागतो ती वहीत लिहून ठेवा. डब्यावरच्या छापापेक्षा ही नोंद जास्त कामाची.

खानदेशात हे आणखी गरजेचं आहे, कारण आपल्या धरणांचा तळ सपाट नाही. हतनूरला तापी आणि पूर्णेने आणलेला गाळ इतका साठलाय की कालपरवा खोल वाटलेली जागा आज उथळ निघते. गिरणेचं पाणी रब्बीच्या आवर्तनांनंतर झपाट्याने उतरतं. जानेवारीत चालून गेलेलं ल्युअर एप्रिलमध्ये त्याच जागी चिखलात नांगरत जातं. खाली बाभळीची खोडं आणि जुने बांध असतात ते वेगळेच.

म्हणून पहिलं ल्युअर तरंगणारंच घ्या. होडी थांबली की ते आपोआप वर येतं, बुडणारं थेट खोडात जाऊन बसतं. अडकलंच तर रॉड वाकवून हिसके मारू नका. होडी मागे घ्या, ल्युअरच्या पलीकडे जा आणि उलट दिशेने ओढा. दोर हाताला गुंडाळून तर कधीच ओढू नका. ब्रेडेड दोर बोटं सुरीसारखी कापतो. लाकडाच्या दांड्याला दोन वेढे द्या आणि मग ओढा.

ड्रॅग बोटांच्या अंदाजाने लावणं

माझा रॉड गेला तो इथेच. नियम सोपा आहे. दोराच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतक्याच ताणाला ड्रॅग सुटला पाहिजे. दहा किलोचा दोर असेल तर अडीच ते तीन किलो. ब्रेडेड दोर ताणला जात नाही आणि होडी पुढे चाललेली असते, म्हणून मी दोन किलोवरच ठेवतो. मोजायला भंगारवाल्याकडचा स्प्रिंगचा काटा पुरतो. रॉड होल्डरमध्ये लावा, दोर काट्याच्या हुकाला बांधा आणि दुसऱ्या माणसाला ओढायला सांगा. अंगठ्याने दोर ओढून "बरोबर वाटतंय" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचा ड्रॅग दुप्पट आवळलेला निघतो. संध्याकाळी घरी परतल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, आतल्या चकत्या दाबून राहिल्या की पुढच्या वेळी धक्के देत सुटतात.

आणि रॉडच्या मुठीला नायलॉनची दोरी बांधून तिचं दुसरं टोक होडीच्या कडीला अडकवा. वीस-तीस रुपयांचं काम आहे. मी ते केलं नाही.

रॉडचं टोक न वाचणं

रॉड होल्डरमध्ये लावला की लोक मोबाइल काढून बसतात. खरी बातमी तर टोकावर चाललेली असते. ल्युअर नीट चालत असेल तर टोक एकसारखं थरथरतं, शिवणयंत्राच्या सुईसारखं. थरथर थांबून टोक थोडं वाकलेलं राहिलं तर ल्युअरवर शेवाळ किंवा पाला आलाय, काढून साफ करा. अधूनमधून ठक, मग पुन्हा ठक असं झालं तर ल्युअर तळाला घासतंय, तेव्हा दोन-तीन मीटर दोर गुंडाळा. टोक एकदम सरळ झालं तर दोर तुटलाय किंवा मासा होडीच्या दिशेने येतोय. दोन्ही वेळी आधी रील फिरवा.

ल्युअर सारखं एकाच बाजूला पळत असेल तर ते फेकून देऊ नका. होडीच्या कडेने ओढून बघा. ते डावीकडे जात असेल तर नाकावरची तारेची कडी पक्कडीने किंचित उजवीकडे वाकवा. केसभरच, जास्त नको.

दोराला पीळ पडला की रीलवर गुंते होतात आणि दोष पुन्हा रीलला. बहुतेक वेळा कारण असतं स्विव्हल (स्वतःभोवती फिरणारी जोडकडी) न लावता ओढलेला स्पून (चमच्यासारखं धातूचं ल्युअर). ल्युअर काढा, नुसता दोर साठ-सत्तर मीटर मागे सोडा आणि मोकळ्या पाण्यात काही मिनिटं ओढत रहा, पीळ आपोआप उलगडतो. मग बॉल-बेअरिंगचं स्विव्हल लावा.

सोडलेल्या दोराचा आकडा दाखवणाऱ्या रीलवरच्या लाइन काउंटरबद्दल एवढंच सांगतो, तो दोर मोजत नाही, स्पूलचे (दोर गुंडाळलेल्या रिळाचे) फेरे मोजतो. स्पूल पूर्ण भरलेला नसेल तर काउंटर तीस मीटर दाखवतो आणि पाण्यात दोर त्यापेक्षा कमी असतो.

बॅटरीचा हिशेब

इलेक्ट्रिक मोटर अर्ध्या तासात दमली म्हणून तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. १२ व्होल्टची, ५५ पाउंड थ्रस्टची (ढकलण्याच्या जोराची) मोटर पूर्ण वेगाला साधारण ५० अँपिअर खेचते. १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे पूर्ण वेगाने जेमतेम तासभर मिळतो, तोही कागदावर. ट्रोलिंगच्या मंद वेगाला दहा-पंधरा अँपिअर लागले तर तीच बॅटरी तीन ते पाच तास टिकते. गाडीची बॅटरी स्टार्टरसाठी बनलेली असते, अशा कामात ती लवकर मरते. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी चालते, पण १५० अँपिअर-अवरची बॅटरी पन्नास किलोंच्या वर भरते आणि कलंडली तर ॲसिड सांडतं. छोट्या होडीत ती मधोमध ठेवा आणि बांधा.

एकाच फेरीत सगळं बदलणं

खरी परीक्षा अशी घ्या. दोन रॉडना एकच ल्युअर लावा, दोर सारखा सोडा आणि एकच गोष्ट वेगळी ठेवा, समजा फक्त दोराची जाडी. निम्म्या वेळाने रॉडची बाजू बदला, कारण काठाच्या बाजूचा रॉड आणि खोल पाण्याच्या बाजूचा रॉड कधीच समान संधीत नसतात. दुसऱ्या दिवशी दुसरी गोष्ट बदला. रंग, आकार, वेग, लांबी असं सगळं एकदम बदलून मासा लागला, तर नक्की कशामुळे लागला हे कोण सांगणार?

धरणातला मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी त्यांना विचारा आणि जाळी कुठे लावलीत तेही विचारून घ्या. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे. "भाऊ, आठे जायं शे, दोर गुंडाय," असं नाना सांगतात तेव्हा मी वाद घालत नाही. तीन गळांचं क्रँकबेट कुणाच्या जाळ्यातून फिरलं तर त्याची दिवसभराची मेहनत फाटते.

घरी आल्यावर गळ पुसून वाळवा आणि पेटी गाडीच्या डिकीत विसरू नका. भुसावळच्या मे महिन्यात बंद डिकीत मऊ रबराची ल्युअर एकमेकांत वितळून त्यांचा लगदा होतो. माझ्या पेटीत अजून तसा एक हिरवा-गुलाबी गोळा आहे, त्यातून तीन गळ बाहेर डोकावतात.