टोर्नेडोपासून बचावाची जागा घरात आधीच तयार ठेवा

टोर्नेडोत माणसं जखमी होतात ती मुख्यतः उडून येणाऱ्या काचा, पत्रे, विटा आणि वाशांनी. म्हणून जागा निवडताना एकच बघायचं: आपल्या आणि बाहेरच्या मध्ये किती भिंती येतात?

तळघर असेल तर उत्तमच. मात्र वरच्या मजल्यावर फ्रिज किंवा जड कपाट जिथे असेल, नेमकं त्याखाली बसू नका. नैर्ऋत्य कोपरा सुरक्षित, ही जुनी समजूत चुकीची आहे. तळघर नसेल तर सगळ्यात खालच्या मजल्यावर, घराच्या मधोमध असलेली बिनखिडकीची लहान खोली घ्या: बाथरूम, जिन्याखालची जागा, कोठीची खोली. भिंती जवळजवळ असल्या की छताला आधार जास्त मिळतो. गॅरेज नकोच. त्याचं रुंद दार लवकर आत दबतं, वारा शिरतो आणि छप्पर उचलतो. चाकांवरच्या किंवा हलक्या बांधणीच्या घरात मात्र कुठलीच खोली कामाची नाही; जवळच्या पक्क्या इमारतीत जागा आजच विचारून ठेवा.

इशारा मिळाल्यावर हातात बरेचदा दहा-पंधरा मिनिटंच असतात, कधी तीही नसतात. त्यामुळे सामान आधीपासून त्याच खोलीत हवं. प्रत्येकाला एक हेल्मेट (सायकलचंही चालेल), शिट्टी, टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, प्रथमोपचाराची पेटी, रोजची औषधं, डोक्यावर ओढायला गादी किंवा जाड पांघरुणं. पाणी माणशी दिवसाला ४ लिटर, असं ३ दिवसांचं. आणि जाड तळव्याचे बूट! हेच सगळे विसरतात, मग अनवाणी पायांनी काचांतून बाहेर पडावं लागतं.

सराव घड्याळ लावून करा, एकदा रात्री दिवे बंद करूनही. तान्हं बाळ, आजी-आजोबा, मांजर यांना कोण आणणार हे नावानिशी ठरवा. तीन मिनिटांत सगळे आत आले पाहिजेत. खिडक्या उघडून दाब समान करण्याच्या भानगडीत पडू नका. त्याने घर वाचत नाही, वेळ मात्र जातो. आत आल्यावर भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर वाका, मान आणि डोकं हातांनी झाका.

वादळ गेल्यावर गॅसचा वास आला तर बटण दाबू नका, काडी पेटवू नका, आधी सगळ्यांना बाहेर काढा. गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बाहेर असेल तरच तो बंद करा, आणि पुन्हा सुरू करायचं काम गॅसवाल्या तंत्रज्ञावर सोडा.